यंत्र बंद पडते तेव्हा : डॉ. होमी भाभा आणि मुंबईत बांधलेला संगणक

मोहने, आंबिवली, अटाळी या पट्ट्यात आता बहुतेक घरांत एखादा कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप असतो. मुलांचा अभ्यास, वीजबिल, आईच्या तपासण्यांचे रिपोर्ट, वडिलांचे पेन्शनचे कागद असे सगळे त्यात असते. एखाद्या दिवशी तो सुरू होत नाही आणि घरातले सगळे हवालदिल होतात. कोणी दोन चापट्या मारतो, कोणी दहा वेळा बटण दाबतो, कोणी ओळखीच्या मुलाला फोन लावतो. आत काय बिघडले असेल, याचा विचार करायचे धैर्य कोणालाच होत नाही, कारण ते खोके आपल्याला कायम बंदच वाटत आलेले असते.

हीच अडचण सत्तर वर्षांपूर्वी एका संपूर्ण देशापुढे होती. परदेशातून आलेले उपकरण बंद पडले की त्याच्यापुढे हात जोडून बसायचे, की ते आतून समजून घेणारी माणसे तयार करायची? मुंबईतल्या एका शास्त्रज्ञाने या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष कामातून दिले. अणुऊर्जा कार्यक्रमाचे जनक म्हणून डॉ. होमी भाभा सर्वांना माहीत आहेत. भारतात घडवलेला पहिला पूर्ण आकाराचा इलेक्ट्रॉनिक संगणक त्यांच्याच संस्थेत उभा राहिला, हे मात्र कमी लोकांना ठाऊक असते.

मेकानोची पेटी

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म 30 ऑक्टोबर 1909 रोजी मुंबईत एका सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर भाभा बॅरिस्टर होते. आत्या मेहेरबाई यांचे लग्न सर दोराबजी टाटा यांच्याशी झाले होते. त्यामुळे पोलादाचे कारखाने, जलविद्युत केंद्रे यांच्या गप्पा हा मुलगा घरात बसूनच ऐकत असे.

त्यांच्या लहानपणाची एक हकिगत चरित्रांतून नेहमी येते. बाळ फार कमी झोपत असे. आईवडील काळजीत पडले आणि त्यांनी त्याला युरोपातल्या एका नामांकित डॉक्टरला दाखवले. मूल ठणठणीत आहे, फक्त त्याचा मेंदू सतत कामात असतो, असा निर्वाळा मिळाला. औषध काही दिले नाही. आजाराचे लक्षण कोणते आणि माणसाची घडण कोणती, हे त्या डॉक्टरांनी नेमके ओळखले.

दुसरी गोष्ट खेळण्याची. होमीकडे मेकानोच्या पेट्या होत्या. पत्र्याच्या पट्ट्या, चाके, स्क्रू आणि सोबत चित्रांची पुस्तिका. पुस्तिकेत पाहून क्रेन किंवा पूल बांधण्यात त्याला फारशी गोडी नव्हती. तो स्वतःच्या मनाने रचना करी. तयार आराखड्याप्रमाणे जोडलेली वस्तू बिघडली तर मूल पुन्हा पुस्तिका शोधते. स्वतः रचलेली वस्तू बिघडली तर कुठला स्क्रू सैल असेल, हे त्याला आधीच माहीत असते. पुढच्या आयुष्यात भाभांनी संस्था उभारल्या त्या याच स्वभावाने.

इंजिनीअरिंग ते विश्वकिरण

कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असा प्रवास करून भाभा 1927 मध्ये केंब्रिजला गेले. वडिलांची आणि दोराबजींची इच्छा होती की त्यांनी मेकॅनिकल इंजिनीअर व्हावे आणि जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात रुजू व्हावे. भाभांचे मन भौतिकशास्त्रात होते. शेवटी वडिलांनी तडजोड सुचवली : आधी इंजिनीअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण हो, मग हवे ते शीक. 1930 मध्ये भाभांनी ती अट पुरी केली आणि ते सैद्धांतिक भौतिकशास्त्राकडे वळले.

इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, याचे त्यांनी केलेले गणित आजही भाभा विकिरण या नावाने शिकवले जाते. 1937 मध्ये वॉल्टर हाइट्लर यांच्यासोबत त्यांनी विश्वकिरणांच्या सरी कशा तयार होतात याचा सिद्धांत मांडला. अवकाशातून आलेला एक वेगवान कण हवेत शिरतो, त्यातून नवे कण निघतात, त्यांतून आणखी, आणि जमिनीजवळ पोहोचेपर्यंत कणांचा पाऊस होतो. हा सिद्धांत कागदावरचा होता. तो तपासायचा तर कण मोजणारी संवेदनशील उपकरणे हवी होती.

1939 मध्ये भाभा सुट्टीसाठी भारतात आले आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. परतीची वाट बंद झाली. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, सर सी. व्ही. रामन जिथे होते तिथे, त्यांनी काम सुरू केले आणि विश्वकिरणांसाठी वेगळा विभाग उभारला. 1941 मध्ये वयाच्या 31 व्या वर्षी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. युद्धाच्या काळात परदेशातून सामान मागवणे अवघड होते, आणि मागवलेले बिघडले तर परत पाठवणे त्याहून अवघड. मोजणीची उपकरणे जागेवर जुळवावी लागत. शिवाय बलूनला बांधून उंच आकाशात सोडलेले उपकरण तिथे जाऊन दुरुस्त करता येत नाही. ते जमिनीवर असतानाच प्रत्येक जोड तपासून घ्यावा लागतो. बिघाड होण्याआधीची काळजी म्हणजे काय, हे या कामात रोज कळत असे.

बंगल्यातली प्रयोगशाळा

मार्च 1944 मध्ये भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी संस्था काढण्याची योजना मांडली. अणुऊर्जेचा उपयोग सुरू होईल तेव्हा देशाला तज्ज्ञ बाहेर शोधावे लागू नयेत, ते घरातच तयार असावेत, असा त्या पत्राचा गाभा होता. हिरोशिमावर बॉम्ब पडायला तेव्हा जवळजवळ दीड वर्ष बाकी होते. 1945 मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे टीआयएफआर, सुरू झाली. त्याच वर्षाअखेर ती मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली. 1949 मध्ये ती गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली आणि पुढे कुलाब्याच्या टोकाला समुद्रकाठी स्थिरावली.

या संस्थेत इलेक्ट्रॉनिक्सचा गट सुरुवातीपासून महत्त्वाचा होता. तयार उपकरण विकत घेणे जिथे सोपे होते तिथेही, शक्य असेल ते इथेच बनवावे, असा भाभांचा आग्रह असे. सुरुवातीला त्याला वेळ जास्त लागतो आणि चुका होतात, हे त्यांना माहीत होते. पण त्या चुकांतूनच दुरुस्ती करणारे हात तयार होतात, हा त्यांचा हिशेब होता. 4 ऑगस्ट 1956 रोजी तुर्भ्याला अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. तिचे इंधन ब्रिटनहून आले होते. तिच्यावर नियंत्रण ठेवणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे मात्र इथल्या अभियंत्यांनी बनवलेली होती. अणुभट्टीचा काटा भलतेच आकडे दाखवू लागला तर तो काटा बनवणारा माणूस शेजारच्या खोलीत होता.

2,700 व्हॉल्व्हचे यंत्र

भौतिकशास्त्राची गणिते वाढत चालली होती. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये इलेक्ट्रॉनिक संगणक तयार झाले होते. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये 1955 मध्ये ब्रिटनहून एक संगणक आणला गेला. टीआयएफआरमध्ये वेगळा मार्ग धरण्यात आला : संगणक इथेच बांधायचा. हे काम आर. नरसिंहन यांच्या गटाकडे आले. ते अमेरिकेत शिकून 1954 मध्ये संस्थेत आले होते. गट लहान होता, तरुण होता आणि त्यातल्या बहुतेकांनी यापूर्वी संगणक बांधलेला नव्हता. भाभांनी स्वतः हातात सोल्डरिंगची इस्त्री धरली नाही. तरुणांवर मोठे काम सोपवायचे, पैसा आणि जागा द्यायची, आणि मधे लुडबूड करायची नाही, हा त्यांचा वाटा होता.

आधी एक छोटे चाचणी-यंत्र बनवले गेले आणि ते 1956 मध्ये चालू झाले. त्यातून हात बसल्यावर मोठ्या यंत्राचे काम 1957 मध्ये सुरू झाले. पूर्ण झालेल्या यंत्रात 2,700 व्हॉल्व्ह, 1,700 जर्मेनियम डायोड आणि 12,500 रेझिस्टर होते. सुमारे 18 फूट लांब आणि 8 फूट उंच अशा पोलादी सांगाड्यात ते मांडलेले होते. सूचना छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून जात आणि उत्तरे टेलिप्रिंटरवर येत. 1962 मध्ये कुलाब्याच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाच्या वेळी पंतप्रधान नेहरूंनी या यंत्राला टिफ्रॅक हे नाव दिले.

व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत लालसर उजळणारी काचेची नळी. आतली तार तापली की तिचे काम सुरू होते. बल्ब जसा कधीतरी जातो, तसाच व्हॉल्व्हही जातो. समजा, एक व्हॉल्व्ह सरासरी 10,000 तास टिकतो. म्हणजे वर्षभराहून अधिक, दिवसरात्र. ऐकायला उत्तम. पण 2,700 व्हॉल्व्ह एकत्र असले तर या हिशेबाने साधारण पावणेचार तासांनी कुठला तरी एक जाणार. अशा यंत्रात बिघाड हा अपघात राहत नाही, तो रोजच्या कामाचा भाग होतो. यंत्र बांधणे निम्मे काम, ते चालू ठेवणे उरलेले निम्मे. त्या पिढीच्या अभियंत्यांना जे शिकावे लागले, तेच आजच्या घरगुती कॉम्प्युटरलाही लागू पडते.

उष्णता : पहिला शत्रू

टिफ्रॅकची जुळणी 1959 च्या सुरुवातीला पूर्ण झाली होती. तरी ते कायमस्वरूपी कामाला लागले फेब्रुवारी 1960 मध्ये, कारण वातानुकूलित इमारत तयार होण्याची वाट पाहावी लागली. एवढा खर्च करून बांधलेले यंत्र गार जागेसाठी थांबवून ठेवले गेले. ही चैन नव्हती. हजारो तापलेल्या नळ्यांची उष्णता बाहेर गेली नाही तर यंत्र स्वतःच्याच तापाने आजारी पडते.

आजच्या कॉम्प्युटरमध्ये व्हॉल्व्ह नाहीत, पण ताप आहे. प्रोसेसरवर बसवलेला पंखा आणि जाळी धुळीने बुजली की आतले तापमान वाढते. मग यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते आणि फारच तापले तर अचानक बंद होते. कॉम्प्युटर फार स्लो झाला, या तक्रारीचे मूळ अनेकदा एवढेच असते. उपायही साधा आहे. कॉम्प्युटर बंद करून प्लग काढावा. कॅबिनेटचे झाकण उघडून मऊ ब्रशने किंवा हवेच्या फुग्याने धूळ काढावी. पंखा एका बोटाने धरून ठेवावा, म्हणजे तो हवेने गरगर फिरणार नाही. ओले फडके आत कधीच नेऊ नये. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरू नये, कारण त्याच्या पोटाखालची हवेची वाट बंद होते. लॅपटॉप किंवा त्याचा तळ फुगलेला दिसला तर बॅटरी फुगली आहे असे समजून तो ताबडतोब बंद करावा, चार्जिंगला लावू नये, बॅटरी दाबू किंवा टोचू नये आणि बदलून घ्यावी.

वीज : येताना आणि जाताना

व्हॉल्व्हच्या संगणकांबाबत एक अनुभव जगभर आला. नळ्या बऱ्याचदा यंत्र चालू किंवा बंद करताना जात. अमेरिकेतल्या एनिॲक या प्रचंड संगणकात जवळजवळ 18,000 नळ्या होत्या. तो शक्यतो बंदच करायचा नाही, असे त्याच्या अभियंत्यांनी ठरवले होते. गार तार एकदम तापते तेव्हा तिच्यावर सर्वाधिक ताण येतो.

आपल्याकडे हा ताण विजेच्या लपंडावाने येतो. पावसाळ्यात वीज जाते आणि परत येताना कधी कधी तिचा दाब उसळतो. फाइल लिहिली जात असताना वीज गेली तर ती फाइल किंवा पूर्ण सिस्टीमच बिघडू शकते. डेस्कटॉपला यूपीएस असावा, आणि वीज गेल्यावर त्यावर चित्रपट पाहत बसण्याऐवजी काम सेव्ह करून यंत्र नीट शट डाऊन करावे. गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवावा. इंटरनेटची तांब्याची तार असेल तर तीही काढावी.

मोहन्याच्या लोकांना पाण्याबद्दल वेगळे सांगायला नको. 26 जुलै 2005 ला आणि पुन्हा जुलै 2019 मध्ये उल्हास नदीने कल्याण परिसरात काय केले, ते सर्वांनी पाहिले आहे. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये. एखादे उंच स्टूलही मोठे नुकसान वाचवते. पाणी शिरलेच तर चालतो का पाहू म्हणून बटण दाबू नये. भिजलेले यंत्र अनेकदा पाण्याने मरत नाही, ओल असताना वीज सोडल्याने मरते. आधी घराचा मेन स्विच बंद करावा, मग यंत्राला हात लावावा. आतली हार्ड डिस्क भिजली असेल तर केस वाळवण्याच्या यंत्राने ती तापवू नये, जाणकाराकडे तशीच न्यावी.

आठवण : यंत्राची आणि माणसाची

टिफ्रॅकची स्मृती चुंबकीय कड्यांची होती. बारीक मण्यांसारख्या फेराइटच्या कड्या तारांत ओवलेल्या असत आणि एक कडे म्हणजे माहितीचा एक कण. या यंत्रात 40 कणांचा एक शब्द, असे 2,048 शब्द मावत. म्हणजे सुमारे 82,000 कण. मोबाइलवर सकाळी येणारे शुभेच्छांचे एक चित्रही यात मावणार नाही. एवढ्याशा जागेत भौतिकशास्त्राची गणिते बसवायची, तर कोणती माहिती ठेवायची आणि कोणती पुसायची, याचा कडक हिशेब लागे.

आज जागा अमाप आहे, म्हणून हिशेब सुटला आहे. सिस्टीम असलेली डिस्क काठोकाठ भरली की कॉम्प्युटर अडखळू लागतो. तात्पुरत्या फाइल ठेवायलाही त्याला मोकळी जागा लागते. डाउनलोडचे फोल्डर महिन्यातून एकदा तपासावे, न लागणारे प्रोग्राम काढून टाकावेत, रीसायकल बिन रिकामी करावी.

याहून गंभीर गोष्ट बॅकअपची आहे. यंत्र बदलता येते, त्यातली माहिती पुन्हा मिळत नाही. मधुमेहाच्या रुग्णाचे दहा वर्षांचे रिपोर्ट, कर्करोगातून बऱ्या झालेल्या बाईचे जुने स्कॅन, लहान मुलाच्या लसींची नोंद, हे हरवले तर पुढचा उपचार अंधारात करावा लागतो. जुन्या आकड्यांशी तुलना करता आली तरच किडनी हळूहळू बिघडते आहे की आजच बिघडली, हे डॉक्टरला कळते. महत्त्वाच्या कागदांच्या तीन प्रती असाव्यात : एक कॉम्प्युटरमध्ये, दुसरी पेन ड्राइव्ह किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी घराबाहेर, म्हणजे ऑनलाइन किंवा विश्वासू नातेवाइकाकडे. हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला तर ती धोक्याची घंटा आहे. आधी माहिती उतरवून घ्यावी, आणि ती उतरत नसेल तर डिस्क बंद ठेवून जाणकाराकडे न्यावी.

दोष शोधण्याची रीत

2,700 नळ्यांतून गेलेली एक नळी शोधायची कशी? सगळ्या बदलून पाहणे शक्य नाही. अशा यंत्रांवर काम करणारे अभियंते यंत्राचे भाग पाडत. उत्तर आधीच माहीत असलेले गणित यंत्राला घालायचे. ते कुठल्या टप्प्यावर चुकते ते पाहायचे. मग त्या भागाचे पुन्हा दोन भाग करायचे. दोष आकुंचन पावत जातो आणि शेवटी हातात येतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यातला मुख्य नियम. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालू झाले, तर नेमके कशाने चालू झाले हे कधीच कळत नाही.

दुसरा नियम नोंदीचा. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू संगणकात 9 सप्टेंबर 1947 रोजी एका रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला. तिथल्या लोकांनी तो काढून नोंदवहीत चिकटपट्टीने लावला आणि वेळेसह नोंद केली. ती वही आजही जपलेली आहे. किडा सापडला ही मजेची गोष्ट झाली. कामाची गोष्ट अशी, की तिथे प्रत्येक बिघाडाची वेळ आणि कारण लिहिले जात होते.

डॉक्टर रुग्णाला तपासतो त्याची रीतही हीच आहे. आधी विचारपूस, मग तपासणी, मग चाचण्या, आणि शेवटी औषध. कॉम्प्युटर बिघडला तर घरच्या घरी हीच पायरी धरावी. कधीपासून होते आहे? त्याआधी काय नवीन केले होते, कुठला प्रोग्राम टाकला, कुठले उपकरण जोडले? पडद्यावर काय लिहून आले? ते शब्द जसेच्या तसे कागदावर उतरवावेत किंवा मोबाइलवर फोटो घ्यावा. मग बाहेरून आत जावे. भिंतीतल्या प्लगला वीज आहे का, हे दुसरे उपकरण लावून पाहावे. तारा घट्ट आहेत का, मॉनिटर चालू आहे का, ते पाहावे. माउस, प्रिंटर, पेन ड्राइव्ह सगळे काढून एकदा सुरू करावे. एकदा पूर्ण बंद करून पुन्हा चालू करणे हा उपाय क्षुल्लक वाटतो, पण बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात, कारण स्मृतीत साचलेला गोंधळ पुसला जातो. नेट चालत नसेल तर मोबाइलवर चालते का ते पाहावे, म्हणजे दोष कॉम्प्युटरचा की राउटरचा हे लगेच कळते.

पडद्यावर अचानक मोठी लाल खिडकी येते, कॉम्प्युटरला व्हायरस लागला आहे, या नंबरवर फोन करा, असे तीत लिहिलेले असते. तो नंबर लावू नये. असे इशारे फसवणुकीचे असतात. समोरचा माणूस सांगेल ते ॲप टाकून आपला पडदा त्याच्या ताब्यात देणे म्हणजे अनोळखी माणसाला कपाटाची किल्ली देणे. ती खिडकी बंद करावी, होत नसेल तर यंत्र बंद करावे. सिस्टीमचे अपडेट मात्र वेळच्या वेळी घ्यावेत, त्यांतून सुरक्षेची भोके बुजवली जातात.

माणसे मागे ठेवून

टिफ्रॅक चालू झाले तोवर जग व्हॉल्व्ह सोडून ट्रान्झिस्टरकडे गेले होते. तंत्र म्हणून ते यंत्र लवकरच जुने झाले. 1964 मध्ये टीआयएफआरने अमेरिकेतून सीडीसी 3600 हा मोठा संगणक आणला आणि देशभरातल्या संशोधकांना तो वापरायला मिळाला. भाभांना परदेशी यंत्राचे वावडे नव्हते. यंत्र येण्याआधी ते समजणारी माणसे इथे असावीत, एवढेच त्यांना हवे होते, आणि टिफ्रॅकने ती तयार केली होती.

याच काळात त्यांचे लक्ष आरोग्याकडेही होते. 1962 मध्ये परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे आले, कारण कर्करोगाच्या उपचारात किरणांचा वाटा वाढत जाणार हे दिसत होते. 1963 मध्ये परळलाच रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले. किरणांनी उपचार करणारे यंत्र महिनाभर बंद पडणे म्हणजे रांगेतल्या रुग्णांची गाठ महिनाभर वाढणे. ही गोष्ट आजही तितकीच खरी आहे. सरकारी रुग्णालयांत यंत्र येते तेव्हा नारळ फुटतो, फोटो निघतो. त्याचा देखभालीचा करार संपतो तेव्हा कोणाचे लक्ष नसते, आणि मग सुट्या भागासाठी रुग्ण ताटकळतो.

1963 मध्ये सरकारने देशाच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गरजा तपासण्यासाठी भाभांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढच्या दहा वर्षांची योजना या समितीने आखली. तिचा अहवाल 1966 मध्ये पुढे आला, तेव्हा अध्यक्ष हयात नव्हते. 24 जानेवारी 1966 रोजी व्हिएन्नाला बैठकीसाठी निघालेले भाभा ज्या एअर इंडियाच्या विमानात होते ते आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. विमानातले सर्व 117 जण गेले. भाभा 56 वर्षांचे होते.

एक माणूस गेला की त्याचे काम थांबते का, यावरून त्याने काय उभारले ते कळते. 1967 मध्ये हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया सुरू झाली. तिची मुळे भाभांनी वाढवलेल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गटात होती. दहा वर्षांनी आणखी मोठी परीक्षा आली. परकीय भांडवलावरच्या मर्यादेवरून आयबीएम कंपनी 1978 मध्ये भारतातून निघून गेली. देशभरातल्या कार्यालयांत, कारखान्यांत तिचे संगणक तसेच उभे होते. पगार, हिशेब, साठ्याच्या नोंदी त्यांवर चालत. ते बंद पडले तर उघडणार कोण? त्यासाठी सरकारने आधीच एक कंपनी काढून ठेवली होती आणि तिचे नाव अगदी साधे होते : कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन. देखभाल हेच तिचे काम. तिने ती यंत्रे चालू ठेवली. तिचे पहिले अध्यक्ष होते आर. नरसिंहन, टिफ्रॅक बांधणाऱ्या गटाचे प्रमुख. तरुण वयात त्यांच्यावर टाकलेला विश्वास देशाला वीस वर्षांनी उपयोगी पडला.

घरातला कॉम्प्युटर दुरुस्त करायला प्रत्येकाने इंजिनीअर व्हायची गरज नाही. जळालेला मदरबोर्ड किंवा वीजपुरवठ्याचा डबा घरी उघडूही नये, ते कारागिराचे काम आहे. पण दुकानात जाताना काय झाले, केव्हापासून, आधी काय केले होते, एवढे कागदावर लिहून नेणारा माणूस सहसा फसत नाही, आणि त्याचे काम लवकर होते. त्यातले काहीच झाले नाही, तरी या रविवारी एक तास काढावा. यंत्र बंद करून धूळ झटकावी, आईवडिलांच्या रिपोर्टांची दुसरी प्रत करावी आणि शेजारी मुलांना बसवावे. झाकण उघडून आत पाहिलेल्या मुलाला त्या खोक्याची भीती वाटत नाही.